ठाऊक असलेला काळोख : एक प्रस्तावना

जे चित्रपट पाहून प्रेक्षक प्रसन्न चित्ताने घरी परततो, त्यांच्यासंबंधी मराठीत विपुल लेखन झाले आहे. जे पाहून त्याला त्या रात्री धड अन्नही गोड लागत नाही, त्यांच्यासंबंधी मात्र फारच थोडे. अशा चित्रपटांना आपण बहुधा ‘समस्याप्रधान’ या सदरात दाखल करतो, एखादे पदक मिळाले असल्यास त्याची नोंद घेतो, आणि मग ते प्रकरण लाल फडक्यात बांधून दप्तरी ठेवून देतो. प्रस्तुत ग्रंथकाराने ते दप्तर सोडले आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत मराठी दिग्दर्शकांनी जे उदास, भीषण व अप्रिय असे काही पडद्यावर मांडले, त्याचा विचार दयेने किंवा कर्तव्यबुद्धीने न करता, ज्या गांभीर्याने आपण एखाद्या महाकाव्याचा किंवा शोकांतिकेचा करतो त्या गांभीर्याने केला आहे. विषय नवखा असल्याने, आणि वाचकांपैकी पुष्कळांनी यांतील निम्मे चित्रपट पाहिलेले नसणार हे गृहीत धरून, या क्षेत्राची एकंदर रूपरेषा आरंभी मांडावी असे त्यांनी सुचविले. त्या सूचनेचा मान राखून पुढील चार शब्द लिहीत आहे.

काळोखी चित्रपट म्हणजे रक्तपाताचा चित्रपट नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. ज्यात पंचवीस माणसे मरतात आणि सव्विसावा विजयी मुद्रेने निघून जातो, तो चित्रपट अंतःकरणाला यत्किंचितही स्पर्श न करणारा निव्वळ करमणुकीचा खेळ असू शकतो. उलट ज्यात कोणी कोणाच्या अंगाला बोटही लावीत नाही, असा एखादा चित्रपट आपल्याच घरातील माणसांकडे चार दिवस नीट पाहू देत नाही. पश्चिमेकडे या जातीच्या चित्रपटांची परंपरा मोठी आहे. फ्रिट्झ लांगने १९३१ साली ‘एम’मध्ये बालहत्या करणाऱ्या एका विकृत मनुष्याच्या तोंडून त्याची असहायता वदविली, ब्युन्युएलने संभावित समाजाच्या बैठकीखालची घाण उपसली, किएस्लोव्स्कीने १९८८ साली एका निरर्थक खुनाशेजारी सरकारी फाशी ठेवून दोहोंची किळस सारखीच आणली, आणि आमच्या काळात हानेकेने प्रेक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. या सर्वांत पुष्कळ भेद असले तरी एक गोष्ट बहुशः समान दिसते, ती ही की तेथे काळोख दडलेला असतो. तो एखाद्या मनाच्या तळघरात किंवा प्रतिष्ठित कुटुंबाच्या भूतकाळात असतो, आणि चित्रपटाचे कार्य त्याचा शोध लावण्याचे असते.

मराठीत शोध लावण्यासारखे काहीच नसते. येथे जे घडले ते गावातील लहान पोरालाही ठाऊक असते. कोणी घडविले, कोणी पाहिले, कोणी पंचनाम्यावर डोळे मिटून सही केली, हे सारे चावडीपासून पाणवठ्यापर्यंत सर्वश्रुत असते, आणि तरीही काही होत नाही. आमच्या उत्तम काळोखी चित्रपटांत रहस्य नाही. आहे ती सर्वांनी मिळून राखलेली माहिती. ग्रंथकाराच्या विवेचनाचा हाच मध्यबिंदू आहे, आणि तो मला सर्वथा मान्य आहे. हानेकेचा ‘द व्हाइट रिबन’ (२००९) आपल्याकडील प्रेक्षकाला त्याच्या इतर चित्रपटांहून अधिक जवळचा वाटतो याचेही कारण हेच असावे. तो एका गावाचा चित्रपट आहे आणि त्याची हकिगत सांगणारा त्या गावचा शाळामास्तर आहे. शाळामास्तर हे पात्र आमच्या चित्रपटांतही वारंवार भेटते, ते का, हा प्रश्न वाचकाने मनाशी बाळगून पुढे जावे.

या काळोखाचा उगम शोधू गेल्यास आपण कृष्णाकाठी येऊन पोहोचतो, हे विधान स्थलाभिमानाचे वाटेल, परंतु त्याला कागदोपत्री आधार आहे. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केले, तिच्या वेशीवरील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणून जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न सबंध महाराष्ट्राच्या गळी उतरविला. पण देवलांचे मन मूलतः सौम्य होते. वधूवर सगोत्र निघतात, लग्न मोडते, नदीकडे धावलेल्या शारदेस कोदंड वाचवितो, आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर इतके सौम्य नव्हते. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० साली बंदी घातली, आणि दहाच वर्षांनी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तोच कीचक ‘सैरंध्री’ या मूकपटात पडद्यावर मारला, तेव्हा तो वध इतका हुबेहूब उतरला की बायामाणसे भोवळ येऊन पडली असे सांगतात, आणि पुढे त्या दृश्याला कात्री लागली. रंगभूमीवर राजद्रोह म्हणून आणि पडद्यावर भीषण म्हणून, असा एकाच कीचकाला दोनदा सरकारी हुकूम बजावला गेला.

तथापि मराठी काळोखाचा खरा प्रारंभ पौराणिक वधाने झाला नाही; तो एका खोट्या दस्तऐवजाने झाला. सांगलीजवळच्या समडोळीत १८८९ साली जन्मलेले आणि पुढे सातारा जिल्ह्यातील कोरेगावास स्थायिक झालेले नारायण हरी आपटे हे कादंबरीकार आज विस्मृतप्राय झाले आहेत. पण त्यांच्याच कथेवरून बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. खोट्या दस्तऐवजापायी जमीन गेलेला कुणबी गाव सोडून शहरात गिरणीच्या दाराशी उभा राहतो, एवढीच त्याची कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांतारामांनी, म्हणजे शांतारामबापूंनी, केली होती. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या स्मरणात राहिली ती मंद प्रकाशातील एक भकास झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारा कुत्रा. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८७५ च्या दंग्यांनंतर दख्खनच्या शेतकऱ्यास सावकारापासून संरक्षण देणारा कायदा १८७९ साली झाला होता, आणि तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला त्यांत सातारा होता. म्हणजे कोरेगावचा लेखक जेव्हा गहाणखताची ही कथा लिहीत होता, तेव्हा त्याच्या भोवतालच्या मुलखात तो कायदा चाळीसपेक्षा अधिक वर्षे अमलात होता. कायदा आणि काळोख एकाच गावात, एकमेकांस ओळख न देता, सुखेनैव नांदत होते.

याच आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘कुंकू’ म्हणून पडद्यावर आणली (हिंदीत ‘दुनिया न माने’), आणि माझ्या मते मराठीतील पहिला संपूर्ण काळोखी चित्रपट तोच होय. ‘शारदे’चा विषय येथे पुन्हा आला आहे, फरक इतकाच की लग्न मोडत नाही. मामाने फसवून दिलेली नीरा वृद्ध काकासाहेबांच्या घरात येते, पत्नीचे नाते ठाम नाकारते, आणि चित्रपट त्या घरातून फारसा बाहेर पडत नाही. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. घरातील व रस्त्यावरील स्वाभाविक ध्वनी तेवढे राखले. आणि भिंतीवरील घड्याळाच्या टोल्यांतून म्हाताऱ्याचे वय त्याला क्षणोक्षणी मोजून दाखविले. केशवराव दात्यांचा काकासाहेब राक्षस नाही, हे या चित्रपटाचे मर्म आहे. तो सुशिक्षित आहे, त्याच्या मुलीला समाजसेवेचे वेड आहे, आणि तो स्वतः वकील आहे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा त्याला लागू होत नाही, कारण नीरा त्या वयाची नाही. त्याच्या विवाहात कायदेशीर व्यंग कोणतेही नाही, आणि पांढरपेशा हिंदू स्त्रीला त्या काळी घटस्फोटाची वाटही नाही. वकिलाला हे दुसऱ्या कोणापेक्षाही अधिक स्पष्ट दिसते. आपण नाहीसे झाल्याखेरीज या मुलीची सुटका नाही, हा निष्कर्ष तो जणू एखाद्या खटल्याचा निकाल लिहावा तसा काढतो, आणि पत्र लिहून ठेवून जीवनाचा अंत करतो. पश्चात्तापदग्ध खलपुरुषाचा मृत्यू म्हणून पुष्कळांनी हा शेवट वाखाणला आहे. परंतु त्यातील खरी भीषणता अशी की एका स्त्रीला माणसासारखे जगता यावे म्हणून संपूर्ण न्यायव्यवस्थेजवळ एका प्रेताव्यतिरिक्त दुसरा उपाय नव्हता. शांता आपट्यांच्या नीरेची दृष्टी आठवा. त्या दृष्टीत करुणेची याचना नाही, फिर्याद आहे.

शांतारामबापूंच्या कारकिर्दीत याच मुलखाचे आणखी एक ऋण आहे, आणि ते उजेडाचे आहे. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुल्या कारागृहाचा जो प्रयोग केला, त्याच्या प्रेरणेने ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) निर्माण झाला. कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे त्याच माणदेशच्या मातीतली. सहा खुनी माणसांवर विश्वास टाकणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ती कथा १९५८ साली बर्लिनला गौरविली गेली. तो चित्रपट थोर आहे, परंतु ग्रंथकाराने त्याला आपल्या कक्षेबाहेर ठेवले ते योग्यच केले. माणूस सुधारतो या श्रद्धेवर तो उभा आहे, आणि या ग्रंथातील बहुतेक चित्रपट त्या श्रद्धेचीच उलटतपासणी घेतात.

पुढील काही वर्षे मी झरझर ओलांडतो. तमाशापटांच्या त्या काळात काळोख नव्हता असे नाही. अनंत मान्यांच्या ‘सांगत्ये ऐका’त (१९५९) पाटलाचा अत्याचार व खून लावणीच्या रंगात न्हाऊन निघाला, एवढेच. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. पण त्यांच्या लेखणीतील संताप पडद्यावर येईतो पुष्कळसा निवलेला असे. प्रेक्षकाला रडविणे आणि प्रेक्षकाला अस्वस्थ करणे यांतील भेद त्या चित्रनिर्मात्यांना कळत नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कळत असूनही तो तिकीटविक्रीच्या खिडकीत विकता येत नव्हता, असे म्हणावे.

मग १९७० च्या आसपास रंगभूमीवरून नवी माणसे आली, आणि त्यांच्यासमवेत विजय तेंडुलकरांची लेखणी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक सत्यदेव दुब्यांनी १९७१ साली चित्रपटात आणले. गोविंद निहलानी त्याचे छायालेखक होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ या सहकारी नावाखाली ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) काढला. तो पाहताना आजही दम लागतो, आणि सगळा कळला असे म्हणणाऱ्याविषयी मला थोडा संशय येतो. परंतु या कालखंडाचे शिखर म्हणजे जब्बार पटेलांचा ‘सामना’. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. तेथील परीक्षकांना त्यात काय दिसले असेल कोण जाणे, पण कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील प्रेक्षकाला प्रत्येक पात्राचे मूळ गाव सांगता आले असते. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा केवळ खलनायक नाही. त्याने कारखाना उभा केला आहे, रस्ते बांधले आहेत, लोकांच्या चुली पेटविल्या आहेत. ज्या सहकाराने या मुलखातील कुणब्याला सावकाराच्या पाशातून सोडविले, त्याच सहकाराच्या गादीवर तो बसला आहे. म्हणजे ‘सावकारी पाशा’चे उत्तर म्हणून जे आले, त्याच्याच पोटातला हा काळोख आहे. या व्यवस्थेत मारुती कांबळे नावाचा फौजेतून परतलेला एक माणूस नाहीसा झाला आहे, आणि कोठून तरी येऊन पडलेला एक दारुडा, वृद्ध मास्तर त्याचे काय झाले एवढे विचारीत राहतो. मास्तर हिंदुरावाच्या घरी राहतो, त्याचीच दारू पितो, त्याच्याशी त्याची गट्टी जमते, आणि तरीही प्रश्न सुटत नाही. उत्तर सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न उच्चारणे एवढाच गुन्हा आहे.

जाता जाता एक गंमत नमूद करतो. या चित्रपटाचे दिग्दर्शक बालरोगांचे वैद्य, मास्तर झालेले श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद, आणि मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. रोगनिदान इतके अचूक उतरले याचे श्रेय काही अंशी वैद्यकास द्यावयास हरकत नाही. लागूंचा जन्म १९२७ साली सातारचाच.

‘सामना’नंतर पटेलांनी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ (१९७९) केला, ज्यात सर्व काही पाहणारा पत्रकार अखेर वेडाच्या हास्यात हरवतो. आणि ‘उंबरठा’ (१९८२) केला, ज्यात स्मिता पाटीलची सुलभा सुधारगृहाच्या दप्तरदिरंगाईपुढे हरूनही घराच्या चौकटीत परत मावत नाही. अमोल पालेकरांचा पहिला दिग्दर्शित चित्रपट ‘आक्रीत’ (१९८१) मानवतच्या हत्याकांडावर आधारलेला होता. लेखन पुन्हा तेंडुलकरांचे. गुप्तधनाच्या व संततीच्या लोभाने मुलींचे बळी दिले जातात, आणि त्या भयंकर कृत्याच्या भोवती प्रतिष्ठित संसार, राजकारण, व्यवहार बिनबोभाट चालू राहतात. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आला तो २०१३ साली, तोही सातारच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. म्हणजे येथे चित्रपट कायद्याच्या तीन दशके पुढे होता. पालेकरांनीच पुढे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर चित्रपट केला (१९९५). तेथे खलपुरुष कोणीच नाही. पाऊस नाही, एवढेच. औंध संस्थानातील त्या धनगरवाडीचा तरुण मास्तर हळूहळू रिकामे होणारे गाव पाहत राहतो, आणि वाचन शिकविण्यासाठी आलेल्या माणसाच्या वाट्याला साक्षीदाराची भूमिका येते.

याच सुमारास एक उपरोध घडत होता, तो नोंदविल्यावाचून राहवत नाही. वाईचे घाट, मेणवलीचा वाडा, त्या परिसरातील गल्ल्या हिंदी चित्रनिर्मात्यांच्या पसंतीस उतरल्या, आणि भागलपूरच्या अंधत्वकांडाची छाया असलेला प्रकाश झांचा ‘गंगाजल’ (२००३) वाईत चित्रित झाला. कृष्णाकाठ बिहार झाला. आमच्या ओट्यांवर बसून आमच्याच लोकांनी दुसऱ्या प्रांताच्या क्रौर्याचे चित्रीकरण कुतूहलाने पाहिले, गर्दीतील माणसे म्हणून रोजही मिळविला. याच काळात याच खोऱ्यातील गोष्ट सांगू पाहणाऱ्या मराठी दिग्दर्शकाला मात्र निर्माता शोधीत उंबरे झिजवावे लागत होते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांची परंपरा या सर्वांहून निराळी आहे. भाव्यांचा मूळ पेशा समाजकार्याच्या अध्यापनाचा, आणि त्यांच्या चित्रपटांत एका अभ्यासकाचे धैर्य व एका आप्ताचे मार्दव यांचा दुर्मीळ मिलाफ आढळतो. ‘दोघी’त (१९९५) थोरली बहीण मुंबईच्या वेश्यावस्तीत पोहोचते, तिचा पैसा घराला चालतो, ती चालत नाही. ‘देवराई’ (२००४), ‘अस्तु’ (२०१३), ‘कासव’ (२०१६) हे मात्र दुभंगलेल्या, विस्मरणात बुडालेल्या, जीवनास विटलेल्या मनांचे चित्रपट आहेत, आणि मी वर मांडलेला सिद्धान्त त्यांना लागू पडत नाही. तेथील काळोख गावाला ठाऊक असलेला नाही, तो ज्याचा त्यालाच ठाऊक आहे, आणि भोवतालची माणसे तो समजून घेण्यासाठी धडपडतात. अपवादाने सिद्धान्त दृढ होतो ही कोटी मला कधीच पटलेली नाही. येथे मराठी काळोखाला एक दुसरी, अधिक कोवळी शाखा फुटली, असे सरळ मान्य करावे.

‘जोगवा’ (२००९) आपल्याला पुन्हा सीमेवरच्या मुलखात आणतो. कवठेमहांकाळ तालुक्यातील मळणगावचे दिनकर भोसले, म्हणजे कथाकार चारुता सागर. त्यांची ‘दर्शन’ ही कथा आणि राजन गवसांच्या कादंबऱ्या यांवरून राजीव पाटलांनी तो दिग्दर्शित केला. केसात जट आली म्हणून यल्लम्माला सोडलेली मुलगी, आणि लुगडे नेसविलेला तरुण जोगता, यांच्यातील प्रेमाची ही कथा आहे. उपेंद्र लिमये व मुक्ता बर्वे यांनी ती देहाच्या लहानसहान हालचालींतून उभी केली. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ पासून होता. पंचाहत्तर वर्षांनी चित्रपट आला, आणि चित्रपटाचा विषय तोवर शिळा झालेला नव्हता. त्यातील संगीत व शेवटचे बंड थोडे अधिक उच्चस्वरी आहे, ही माझी तक्रार. तथापि अर्धा चित्रपट होईतो जो गुदमर साठतो, त्याला कोठेतरी वाट हवी होती, हेही मी समजू शकतो.

आणि मग नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या या दिग्दर्शकाने जे केले ते पूर्वीच्या कोणालाही शक्य नव्हते, कारण पूर्वीचे सर्वजण, कितीही सहृदय असले तरी, काळोखाकडे उंबऱ्यावरून पाहत होते. ‘फँड्री’त (२०१३) डुक्कर पकडण्यासाठी धावणारे कैकाडी कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निसटते, पुढे तेच डुक्कर खांद्यावर घेऊन ते ज्या भिंतीजवळून जाते, तिच्यावर समाजसुधारकांची चित्रे आहेत. शेवटी त्या कुटुंबातील जब्याने भिरकावलेला धोंडा थेट पडद्याबाहेर येतो. गाव हसत होते, आपणही क्षणभर हसलो होतो. धोंडा त्या हसण्याला आहे. ‘सैराट’ने (२०१६) पूर्वार्धात सबंध महाराष्ट्राला नाचविले आणि अखेरच्या मिनिटांत आवाजच काढून घेतला, काळोखी चित्रपटाला मराठीत इतका प्रचंड समुदाय पूर्वी कधी लाभला नव्हता, आणि लाभला तो फसवून, हे कौशल्य म्हणावे की कावा, याची चर्चा पुढे ग्रंथात आहेच.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) याच्या नेमका विरुद्ध प्रकृतीचा. गटारात मेलेल्या सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप एका वृद्ध शाहिरावर येतो. मग तारखा, तहकुबी, जबान्या, जामीन, पुन्हा तारखा. कोणी ओरडत नाही. सरकारी वकीलबाई खटला आटोपून घरी जाऊन स्वयंपाक करते, न्यायाधीश सुटीत सहकुटुंब सहलीला जातो, आणि कॅमेरा एखाद्या कारकुनाच्या निर्विकार शिस्तीने दूर उभा राहतो. ‘कुंकू’तील वकिलापासून ‘कोर्ट’मधील वकिलापर्यंत एक सलग रेषा काढता येते, आणि ती काढल्यावर कायदा हा आमच्या काळोखी चित्रपटांतील एक मुख्य पात्रच आहे, हे ग्रंथकाराचे म्हणणे पटू लागते.

आता एका मूलभूत शंकेकडे वळले पाहिजे. हे दुःख पैसे देऊन पाहावे तरी का? करुण रसापासून आनंद कसा होतो, हा वाद आमच्या समीक्षेत जुना आहे. न. चिं. केळकर, ज्यांनी टिळकांकडे जाण्यापूर्वी साताऱ्यास वकिली केली, त्यांनी १९२१ च्या बडोदे संमेलनात सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. वाचक परक्या भूमिकेशी तद्रूप होतो आणि तरी स्वतःचे भान सोडीत नाही, यात वाङ्मयानंद आहे, असा तिचा आशय. मला ही उपपत्ती नाटकापेक्षाही या चित्रपटांना अधिक लागू वाटते, मात्र एका फरकाने. येथे तद्रूपता केवळ पीडिताशी होत नाही. ती पाहत उभ्या राहिलेल्या गावाशी होते. समाधी उतरल्यावर जे शिल्लक राहते त्याला आनंद म्हणावे की नाही याविषयी मी साशंक आहे. त्याला साक्ष म्हणावे. शाळामास्तर पुन्हा पुन्हा का येतो, त्याचेही उत्तर मला येथेच दिसते: गावात राहून गावाचा नसलेला, लिहिता-वाचता येणारा, जबानी देण्यास लायक पण देण्यास कचरणारा असा तो एकच माणूस असतो, आणि प्रेक्षागृहातील आपण बहुतेक सर्वजण त्याच्या जातीचे आहोत.

हा ग्रंथ आजच निघावा याला कारण आहे. हिंसेचे दर्शन आता दुर्मीळ राहिलेले नाही. ती खिशातील यंत्रावर अहोरात्र उपलब्ध आहे. तालुक्याच्या गावांतील एकपडदा चित्रगृहे एकामागून एक मंगल कार्यालये होत गेली, यात्रेतील तंबूचा सिनेमा बहुतांशी संपला, आणि जो चित्रपट चारशे माणसांनी एकत्र बसून, एकमेकांची चुळबुळ ऐकत पाहावयाचा, तो एकेकट्याने कानांत बोळे घालून पाहिला जात आहे. सर्वांना ठाऊक असलेल्या काळोखाचा चित्रपट एकट्याने पाहणे म्हणजे त्याचा अर्धा अर्थ गमावणे होय, कारण शेजारचा माणूस कोठे गप्प झाला हे कळल्याखेरीज तो पुरता कळत नाही. शिवाय सरकारी नापसंतीचा धोकाही टळलेला नाही. २०१७ साली रवी जाधवांचा ‘न्यूड’ गोव्याच्या महोत्सवातून ऐन वेळी वगळण्यात आला, हे फार जुने नाही.

चित्रपटांवर सखोल लिहिण्याची परंपरा मराठीत क्षीण असली तरी शून्य नाही. प्रभात चित्र मंडळाने १९६८ पासून उत्तम चित्रपट दाखविले व त्यांवर बोलावयास शिकविले, आणि अरुण खोपकरांचे गुरुदत्तवरील पुस्तक कोणत्याही भाषेत मिरवावे असे आहे. प्रस्तुत ग्रंथ त्या वाटेने जातो, परंतु त्याचा रोख तंत्रापेक्षा संभाषणावर अधिक आहे. ग्रंथकार निवाडा देत नाही. एकेक दिग्दर्शक घेऊन, त्याने प्रेक्षकाकडे कोणती मागणी केली आणि ती मागण्याचा त्याला अधिकार होता काय, एवढे तपासतो. ‘मुळशी पॅटर्न’सारख्या चित्रपटात जमीन गेलेल्या पोरांचा शोक कोठे संपतो आणि कोयत्याचे कौतुक कोठे सुरू होते, याची त्याने केलेली छाननी मला विशेष मोलाची वाटली. काही गोष्टी सुटल्या आहेत. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’सारखे माहितीपट जाणूनबुजून वगळले आहेत, ते वगळावयास नको होते. उलट राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ला (२०१८) दिलेली जागा मला अवाजवी वाटते, नारायण धारपांच्या छायेत वाढलेली ती लोभकथा पाहण्यास अप्रतिम आहे, पण तिचे तात्पर्य इतके घोटीव आहे की भय ओसरल्यावर मागे प्रश्न उरत नाही.

एका बाबतीत आमचा मतभेद मोठा आहे, आणि तो येथे नोंदवावा असा ग्रंथकाराचाच आग्रह आहे. शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ (१९७२), स्टर्नबर्गच्या ‘ब्लू एंजल’वरून बेतलेला, आपण सारे नृत्यासाठी व गाण्यांसाठी आठवतो. त्यातील आदर्श शिक्षक तमासगीर स्त्रीच्या मोहात पडतो, दुसऱ्याचे प्रेत त्याचे समजले जाते, गाव त्याचा पुतळा उभारते, आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली तो फाशीची शिक्षा निमूट स्वीकारतो. ग्रंथकाराच्या मते हे मौन म्हणजे आत्मबलिदान. गावाचा आदर्श वाचावा म्हणून त्याने देह दिला. मला तो सबंध मराठी पडद्यावरचा सर्वांत निष्ठुर शेवट वाटतो, कारण खरे काय ते सांगू शकणारा एकमेव साक्षीदार येथे गावाशी संगनमत करून मरतो, आणि खोटा पुतळा कायम राहतो. शांतारामबापूंना हे अभिप्रेत होते काय? ग्रंथकार म्हणतात, मुळीच नव्हते. ‘कुंकू’ ज्याने केला त्याला ते कळले नसेल, हे मला मान्य नाही. या प्रश्नावर आमची अनेकदा खडाजंगी झाली. त्यांनी आपल्या लेखातील एक अक्षरही बदललेले नाही, आणि मीही या प्रस्तावनेतील बदलणार नाही.